एकदा नीट ठोकलेलं कार्ड : कोड एडिटरमध्ये मॅक्रो आणि प्रोफाइल कसे लावायचे

फाइल साधी टेक्स्टची होती, १,२६० ओळींची. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची दरपत्रिका, जुन्या बिलिंगच्या प्रोग्रॅममधून काढलेली. प्रत्येक मालाच्या तीन ओळी होत्या: पहिलीत नाव, दुसरीत माप, तिसरीत दर. नव्या प्रोग्रॅमला या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत, स्वल्पविरामाने तोडलेल्या हव्या होत्या. माझ्याकडे नुकतीच कामाला लागलेली मुलगी हे सगळं हातानं जुळवायला बसली होती. तासाभरात तिचे साठेक माल झाले आणि मान अवघडली.

"ताई, हे सगळं असंच करत बसायचं का ओ?"

त्या दुपारी तिला जे दाखवलं तेच इथं सविस्तर लिहिते. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवतात, पण ज्या एडिटरमध्ये दिवसातले आठ तास जाणार तो कसा वापरायचा हे सहसा कोणी शिकवत नाही. आपल्याकडची चांगली हुशार मुलं केवळ यामुळे मागं पडताना मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॅकार्डची कार्डं ठोकायचे. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची. त्या चौकटी पाहून पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. सगळी कार्डं दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागावर चढवली की शेवटच्या कार्डामागून पुन्हा पहिलं येतं आणि तीच नक्षी हव्या तितक्या वेळा उमटते. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. त्यामुळे सोलापूरच्या मुलांना मॅक्रो, म्हणजे एकदा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा चालवता येणारी कळांची मालिका, समजावून सांगताना मला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. वडिलांचा सगळा जीव सांध्यात असायचा. शेवटचं कार्ड जिथं सोडतं तिथूनच पहिल्यानं धरलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीला चादरीवर आडवी रेघ दिसते. मॅक्रोतही चुकतो तो सांधाच. बाकी सगळं दहा मिनिटांत येतं.

कोणता एडिटर घ्यायचा

मी दोन वापरते आणि दोन्ही फुकट आहेत. मॅक्रो शिकायला नोटपॅड प्लस प्लस. तो २००३ पासून आहे, फक्त विंडोजवर चालतो, हलका आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही पटकन उघडतो. प्रोफाइलसाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड. पुढं त्याला मी व्हीएस कोड म्हणेन. तो विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. आधी व्हीएस कोड उघडून मॅक्रोचं बटण शोधत बसू नका. कळा रेकॉर्ड करणारा मॅक्रो त्यात मुळात दिलेलाच नाही. ते काम तिथं वेगळ्या वाटेनं होतं, त्याबद्दल पुढं सांगते.

रेकॉर्ड करण्याआधीची तयारी

ही पायरी सगळेच गाळतात आणि नंतर रडतात. आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा. मग नोटपॅड प्लस प्लसमध्ये खालच्या पट्टीवर उजवीकडे एन्कोडिंग, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं साठवायची पद्धत, काय दिसतंय ते बघा. तिथं यूटीएफ-८ हवं. ए-एन-एस-आय असेल तर त्या फाइलमध्ये मराठी लिहून सेव्ह केल्यावर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं होऊ शकतात. 'एन्कोडिंग' मेनूतून 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' निवडलं की काम झालं. मजकूर मराठी दिसायला हवा तिथं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसत असेल, तर तो बहुधा जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आहे. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. एन्कोडिंग कितीही बदललं तरी तो सुधारणार नाही.

मग साफसफाई. 'एडिट' मेनूत 'ब्लँक ऑपरेशन्स' आहे, त्यातून ओळींच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोकळ्या जागा काढा. त्याच मेनूतल्या 'लाइन ऑपरेशन्स'मधून रिकाम्या ओळी काढा. 'सेटिंग्ज', 'प्रेफरन्सेस', 'ऑटो-कम्प्लीशन' इथं जाऊन 'ऑटो-इन्सर्ट'खालची अवतरणचिन्हाची खूण असेल तर काढून टाका. नाहीतर तुम्ही एक अवतरणचिन्ह टाइप करता, एडिटर आपणहून दुसरं घालतो आणि मॅक्रो बिघडतो.

आता मोजणी. १,२६० भागिले ३ म्हणजे ४२०. नि:शेष भाग गेला, म्हणजे ४२० माल असावेत. भाग गेला नाही तर कुठंतरी एखादी ओळ जास्त किंवा कमी आहे. पण भाग गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. हे मी स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका यादीत एका मालाला चार ओळी होत्या, कारण नावाखाली कोणीतरी 'रंग पक्का' असं लिहून ठेवलं होतं. पुढं दुसऱ्या एका मालाला दरच नव्हता, म्हणून त्याच्या दोनच ओळी. बेरीज बरोबर जुळली. मी मॅक्रो सोडला आणि त्या दोन मालांच्या मधल्या सगळ्या ओळींत दराच्या जागी माप आणि मापाच्या जागी नाव जाऊन बसलं. चूक लक्षात आली तेव्हा गाठी बांधून झाल्या होत्या आणि बिलं छापून झाली होती. सगळं परत करावं लागलं.

तेव्हापासून मी एक तपासणी आधीच लावते. कंट्रोल-एफ दाबून 'मार्क' टॅबवर जा. 'बुकमार्क लाइन'वर खूण करा, शोधण्याची पद्धत 'रेग्युलर एक्स्प्रेशन', म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी मजकुराचा नमुना देऊन शोधणं, अशी ठेवा आणि [^०-९]$ हे लिहून 'मार्क ऑल' दाबा. याचा अर्थ 'आकड्यावर न संपणारी ओळ'. तुमच्या फाइलमधले आकडे इंग्रजी असतील तर हे शून्य आणि नऊही इंग्रजीत लिहा. आमच्या यादीत माप आणि दर दोन्ही आकड्यावर संपतात, म्हणून फक्त नावाच्या ओळींना खूण लागायला हवी: एकीला खूण, दोन मोकळ्या, पुन्हा एकीला खूण. फाइलच्या अगदी शेवटच्या रिकाम्या ओळीला लागलेली खूण सोडून द्या. पडदा खाली सरकवत गेलं की खुणांची ही लय कुठं तुटते ते डोळ्याला लगेच दिसतं. तिथली ओळ हातानं दुरुस्त करा.

आणखी एक गोष्ट बघा. मापं इंचात असतील तर काही जण इंचाची खूण म्हणून अवतरणचिन्हच लावतात. ती चिन्हं आधी शोधून काढून टाका, कारण आपण आता मजकूर अवतरणचिन्हांतच बांधणार आहोत.

मॅक्रो रेकॉर्ड करणे

आपल्याकडे असं आहे:

चादर जॅकार्ड लाल
६० × ९०
७५०

आणि हवं असं आहे:

"चादर जॅकार्ड लाल", "६० × ९०", ७५०

प्रत्यक्ष फाइलमध्ये दर इंग्रजी आकड्यांत असावेत, कारण बहुतेक प्रोग्रॅम मराठी आकड्यांना संख्या मानत नाहीत. इथं वाचायला सोपं म्हणून मराठीत दिले आहेत.

१. पहिल्या मालाच्या नावाच्या ओळीत कर्सर ठेवा.

२. 'मॅक्रो' मेनूतून 'स्टार्ट रेकॉर्डिंग' निवडा. टूलबारवरचा लाल गोळाही तेच करतो. इथून पुढं माउसला हात लावायचा नाही. माउसनं कर्सर कुठं ठेवला हे मॅक्रोत नोंदलं जात नाही, म्हणून माउसनं केलेलं काम पुढच्या फेरीला हरवतं.

३. होम दाबा. कर्सर आधीच तिथं असला तरी दाबा. प्रत्येक फेरी ठरलेल्या जागेवरूनच सुरू झाली पाहिजे.

४. एक अवतरणचिन्ह टाइप करा. एंड दाबा. आता अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, एक जागा, पुन्हा अवतरणचिन्ह असं टाइप करा. मग डिलीट एकदाच दाबा. खालची मापाची ओळ वर येऊन जोडली जाते.

५. पुन्हा एंड. अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, एक जागा. पुन्हा डिलीट. दरही वर आला.

६. खालचा बाण एकदा, मग होम. हा झाला सांधा. कर्सर आता दुसऱ्या मालाच्या नावाच्या सुरुवातीला आहे, म्हणजे पहिल्या फेरीला जिथं होता अगदी तशाच जागी.

७. 'स्टॉप रेकॉर्डिंग'.

इथं एक गोष्ट मनात घट्ट बसवा. ओळीत पुढं जाताना उजवा बाण सात वेळा दाबून सात अक्षरं ओलांडायची नाहीत. पहिल्या ओळीत ती सात असतील, दुसरीत अकरा असतील. होम, एंड, कंट्रोल धरून बाण म्हणजे एकेक शब्द, किंवा 'फाइंड नेक्स्ट'नं पुढच्या स्वल्पविरामापर्यंत, अशा चालींनीच हलायचं. लांबी बदलली तरी या चाली चुकत नाहीत. अक्षरं मोजण्यात मराठीत आणखी एक घोळ आहे: आपल्याला जे एक अक्षर दिसतं, ते आत दोन-तीन किंवा त्याहून जास्त कोडांचं असू शकतं. 'क्षी' दिसतं एक, पण आत आहे क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी.

आता कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा. दुसरा माल जुळला पाहिजे. जुळला नाही तर पुढं जाऊ नका, कंट्रोल-झेडनं मागं या आणि पुन्हा रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच चूक होऊन ती बॅकस्पेसनं सुधारली असेल तर ती चूक आणि सुधारणा दोन्ही नोंदल्या जातात. बहुतेक वेळा चालून जातं, पण मी असला मॅक्रो ठेवत नाही. वडीलही चुकीचं भोक पडलेलं कार्ड चिकटपट्टीनं झाकण्यापेक्षा नवं ठोकायचे.

एक जुळला की आणखी तीन चालवून बघा. मग 'मॅक्रो' मेनूतून 'रन अ मॅक्रो मल्टिपल टाइम्स' उघडा आणि किती वेळा चालवायचं ते लिहा. इथं ४२० लिहायचं नाही. रेकॉर्ड करताना पहिला माल झालाच आहे. एकदा चालवला तो दुसरा, मग आणखी तीन. पाच झाले, म्हणून ४१५. त्याच खिडकीत फाइल संपेपर्यंत चालवण्याचाही पर्याय आहे, पण मोजून दिलेला आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. शेवटी काही जास्तीचं घडलं तर ते लगेच कळतं.

संपल्यावर ताळा करा. ओळी ४२० आहेत का? कंट्रोल-एफ दाबून शोधायच्या जागी अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, जागा, अवतरणचिन्ह हे लिहा आणि 'काउंट' दाबा. प्रत्येक ओळीत हा जोड एकदाच यायला हवा, म्हणजे उत्तर ४२० यायला हवं. त्या मुलीचं उत्तर ४२० आलं तेव्हा तिनं दोनदा काउंट दाबून बघितलं.

मॅक्रो जपून ठेवणे

नुसता रेकॉर्ड केलेला मॅक्रो एडिटर बंद केला की जातो. 'सेव्ह करंट रेकॉर्डेड मॅक्रो' निवडा, नाव द्या, हवी तर कळ द्या. नाव असं द्या की सहा महिन्यांनी वाचून कळेल. 'मॅक्रो १', 'मॅक्रो २' असली नावं देऊ नका. आमच्याकडे याचं नाव 'तीन ओळींची एक' आहे.

कळ देताना ती आधीच कोणाला दिलेली नाही ना हे बघणं गरजेचं आहे. 'सेटिंग्ज' मेनूतल्या 'शॉर्टकट मॅपर'मध्ये सगळ्या कळांची यादी आहे आणि एकच कळ दोघांना गेली असेल तर ते तिथं दिसतं. कंट्रोल-एस, कंट्रोल-झेड, कंट्रोल-एफ यांना हात लावू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एखादा आकडा अशी जोडी बरी पडते.

हे सगळं शॉर्टकट्स डॉट एक्सएमएल नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये साठतं. नेहमीच्या पद्धतीनं इन्स्टॉल केलं असेल तर ती तुमच्या विंडोज खात्याच्या ॲपडेटा फोल्डरात, रोमिंगच्या आत, नोटपॅड प्लस प्लसच्या फोल्डरात सापडते. एडिटर पूर्ण बंद करून मगच तिची प्रत घ्या. तो चालू असताना ती फाइल बदलली तर बंद होताना तुमचे बदल पुसले जाऊ शकतात.

मॅक्रो कुठं लागत नाही

हातात हातोडा आला की सगळीकडे खिळे दिसायला लागतात. सगळीकडे एकाच शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालायचा असेल तर 'रिप्लेस ऑल' पुरे. तिथं मॅक्रो करत बसू नका. मॅक्रो तेव्हा, जेव्हा तीन-चार हालचाली एकामागून एक कराव्या लागतात आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा येतो.

मराठी मजकुरात शोधताना एक अडचण मात्र माहीत हवी. 'कोऱ्या चादरी' यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप झालेला असू शकतो: कधी नुक्त्याचा ऱ वापरून, तर कधी साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एडिटरच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. त्यामुळे एक शोधला की दुसरा सापडत नाही. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या याद्या एकत्र आल्या की हे हमखास होतं. फाइलमधूनच तो शब्द कॉपी करून शोधायचा, दुसऱ्या प्रकारचा सापडला की तोही कॉपी करून शोधायचा आणि सगळे एकाच प्रकारात आणायचे. हे आधी, मॅक्रो नंतर.

व्हीएस कोडमध्ये हेच काम

एक सावधगिरी आधी. नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की मॅक्रो चालतो. व्हीएस कोडमध्ये त्याच कळांनी कमांड पॅलेट, म्हणजे कोणतीही कमांड नावानं शोधून चालवायची पट्टी, उघडते. दोन्ही एडिटर वापरणाऱ्याची बोटं इथं चुकतात, आणि नोटपॅडमध्ये चुकली तर फाइल बदलते.

व्हीएस कोडमध्ये मॅक्रोची बरीचशी कामं अनेक कर्सर करतात. एखादा शब्द निवडून कंट्रोल-डी दाबत गेलं की पुढचा पुढचा तोच शब्द निवडला जातो. कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं तर फाइलमधले सगळे. मग जे टाइप कराल ते सगळीकडे एकदम उमटतं. होम, एंड, डिलीट हेही सगळ्या कर्सरांना एकाच वेळी लागू होतात.

दुसरी गोष्ट स्निपेट, म्हणजे साठवलेला मजकुराचा साचा. कमांड पॅलेटमध्ये 'कॉन्फिगर स्निपेट्स' शोधा, भाषा निवडा, एक जेसन फाइल, म्हणजे ठरलेल्या मांडणीत सेटिंग लिहायची साधी टेक्स्ट फाइल, उघडेल. प्रत्येक साच्याला तीन भाग असतात. 'प्रीफिक्स' म्हणजे कोणती चार अक्षरं टाइप केल्यावर साचा यायचा, 'बॉडी' म्हणजे मजकूर, 'डिस्क्रिप्शन' म्हणजे माहिती. बॉडीत डॉलरचं चिन्ह आणि १ लिहिलं की कर्सर आधी तिथं थांबतो, टॅब दाबला की डॉलर २ जवळ जातो आणि शेवटी डॉलर शून्यावर. हे आकडे इंग्रजीतच हवेत. मराठी कीबोर्ड चालू असताना डॉलर १ लिहिलं की तो मजकूर तसाच छापला जातो आणि मुलं विचारतात, "ताई, हे काय व्हायलंय?" व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून साचा चिकटवला तर वाकडी अवतरणचिन्हं येतात. जेसनला सरळच लागतात.

प्रॅक्टिकलच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर नाव, हजेरी क्रमांक, तारीख लिहावी लागते. पहिला स्निपेट त्याचाच करा. तारखेसाठी डॉलरच्या पुढं करंट, अंडरस्कोर, डेट असं इंग्रजी कॅपिटलमध्ये सलग लिहिलं की त्या दिवसाची तारीख आपोआप येते. महिना आणि वर्षासाठीही असंच करता येतं.

तिसरी गोष्ट, एका कळीला अनेक कमांड. मार्च २०२३च्या आवृत्तीपासून व्हीएस कोडमध्ये रन-कमांड्स नावाची सोय आहे. मला सगळ्यात उपयोगी पडणारं उदाहरण सांगते. चालू असलेली एखादी ओळ बदलून बघायची आहे, पण जुनी ओळ हाताशी राहायला हवी. म्हणजे ओळीची प्रत खाली घ्यायची, एक ओळ वर जायचं, ती कॉमेंट करायची, म्हणजे प्रोग्रॅम ती चालवणार नाही अशी खूण लावायची, परत खाली यायचं. चार हालचाली. कंट्रोल-के आणि कंट्रोल-एस एकामागून एक दाबून कळांची यादी उघडा. तिथं 'कॉपी लाइन डाउन' शोधा, त्यावर उजवी क्लिक करून 'कॉपी कमांड आयडी' निवडा. 'ॲड लाइन कॉमेंट'चाही आयडी असाच घ्या. वर-खाली जाण्यासाठी 'कर्सर अप' आणि 'कर्सर डाउन'. आयडी टाइप करू नका, कॉपीच करा, एक अक्षर चुकलं तरी काहीच होत नाही आणि कारणही कळत नाही. मग कमांड पॅलेटमधून 'ओपन कीबोर्ड शॉर्टकट्स' जेसन स्वरूपात उघडा. एक नोंद घाला: 'की'मध्ये तुमची कळ, 'कमांड'मध्ये रन-कमांड्स, म्हणजे मधला सी कॅपिटल ठेवून सलग लिहिलेलं, आणि 'आर्ग्स'च्या आत 'कमांड्स' या यादीत ते चार आयडी त्याच क्रमानं. 'व्हेन'मध्ये एडिटर-टेक्स्ट-फोकस घातलं की ही कळ फक्त मजकुरात कर्सर असतानाच चालते. शब्द सलग, पहिलं अक्षर लहान, पुढच्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी.

लॅबमध्ये लिनक्स असेल आणि हाताशी फक्त विम हा कीबोर्डवरून चालणारा जुना एडिटर असेल तरी अडत नाही. नॉर्मल मोडमध्ये क्यू आणि ए दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, काम करून पुन्हा क्यू दाबलं की बंद. ॲट चिन्ह आणि ए दाबलं की चालतं. त्याआधी ४१५ लिहिलं तर तितक्या वेळा.

प्रोफाइल : प्रत्येक कामाचं वेगळं टेबल

एकाच व्हीएस कोडमध्ये शिकणं, नोकरीचं काम, मराठी मजकूर सगळं कोंबलं की एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेली छोटी साधनं, एकमेकांच्या पायात येतात आणि कॉम्प्युटर जड होतो. २०२३च्या सुरुवातीपासून यावर प्रोफाइल हा उपाय आहे. प्रत्येक प्रोफाइलची सेटिंग्ज, कळा, स्निपेट, एक्स्टेन्शन आणि खिडक्यांची मांडणी वेगळी राहते.

डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करा, 'प्रोफाइल्स' उघडा, 'न्यू प्रोफाइल' दाबा. नाव द्या, खूण निवडा. 'कॉपी फ्रॉम'मध्ये काय घ्यायचं हे महत्त्वाचं. नवशिक्यानं पहिलं प्रोफाइल 'नन'वरून, म्हणजे कोरं करावं. जे लागेल तेवढंच त्यात घालत जाल आणि कोणती एक्स्टेन्शन कशासाठी आहे हे तुम्हाला नेहमी माहीत असेल. दुसऱ्याचं पन्नास एक्स्टेन्शन असलेलं प्रोफाइल आयतं उचलणाऱ्या मुलांना काही बिघडलं की कुठून शोधायचं तेच कळत नाही.

माझी तीन आहेत. 'काम' यात डेटाबेसची साधनं आणि वर सांगितलेली कॉमेंटची कळ. 'शिकवणी' यात कोड आपोआप पूर्ण करून देणाऱ्या सूचना बंद आणि अक्षर मोठं, कारण मागच्या बाकावरच्यालाही भिंतीवरचा पडदा वाचता आला पाहिजे आणि शिकणाऱ्यानं ओळ स्वतः लिहिली पाहिजे. आणि 'मराठी' यात ओळी पडद्याच्या कडेला वळवण्यासाठी 'वर्ड रॅप' चालू, देवनागरी असलेला फॉन्ट, आणि 'लाइन हाइट' वाढवलेली. ओळींतलं अंतर कमी असलं की वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात आणि 'सुत' आणि 'सूत' यातला फरक कळेनासा होतो. हे लेबल छापणाऱ्याला परवडत नाही. फॉन्टचं नाव लिहिताना आधी नेहमीचा कोडचा फॉन्ट, मग स्वल्पविराम देऊन नोटो सान्स देवनागरी लिहा. पहिल्यात न सापडलेली अक्षरं दुसऱ्यातून घेतली जातात. आपल्या गावात एकाच यादीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू नावं सहज येतात. त्या त्या लिपीचा नोटो फॉन्ट याच रांगेत पुढं जोडत जायचा.

एखादा फोल्डर ज्या प्रोफाइलमध्ये उघडलात ते प्रोफाइल त्या फोल्डरला चिकटतं. पुढच्या वेळी फोल्डर उघडला की तेच प्रोफाइल येतं. एखादं सेटिंग सगळीकडे हवं असेल तर सेटिंग्जमध्ये त्याच्या शेजारच्या चाकावर क्लिक करून 'अप्लाय सेटिंग टू ऑल प्रोफाइल्स' निवडा. आणि नवी एक्स्टेन्शन फक्त चाखून बघायची असेल तर कमांड पॅलेटमधून तात्पुरतं प्रोफाइल, म्हणजे 'टेम्पररी प्रोफाइल' करा. व्हीएस कोड बंद केला की ते पुसलं जातं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेणे

प्रोफाइल्सच्या पानावर 'एक्स्पोर्ट' आहे. ते गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेवता येतं किंवा फाइल म्हणून घेता येतं. मी फाइलच घेते. गिटहबवर टाकणार असाल तर आधी सेटिंग्ज उघडून ओळ न् ओळ वाचा. एखाद्या एक्स्टेन्शनसाठी कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड तिथं लिहिलेला असू शकतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करू देत नाहीत, आणि केलं तरी पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर पुसलेला असतो. त्यावर पोर्टेबल हा उपाय आहे. व्हीएस कोडची विंडोजसाठीची झिप फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर उघडा आणि त्या फोल्डरात मुख्य प्रोग्रॅमच्या शेजारी 'डेटा' नावाचा रिकामा फोल्डर इंग्रजीत, लहान अक्षरांत तयार करा. आता सगळी प्रोफाइल आणि एक्स्टेन्शन त्या पेनड्राइव्हवरच राहतात. नोटपॅड प्लस प्लसचीही अशी पोर्टेबल झिप मिळते आणि तिची शॉर्टकट्सची फाइल तिच्याच फोल्डरात असते. पेनड्राइव्ह हरवतात, म्हणून दर महिन्याला त्याची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा.

शेवटचं काम कागदावरचं आहे. कोणत्या कळीनं काय होतं हे एका कोऱ्या पानावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. पहिल्या आठवड्यात तीनच कळा ठेवा, त्या बोटांत बसल्या की चौथी. त्या मुलीच्या पानावर पहिली ओळ होती: कंट्रोल-ऑल्ट-३, तीन ओळींची एक. परवा बघितलं तर खाली तिनं स्वतः तयार केलेले आणखी पाच होते आणि प्रत्येकापुढं लिहिलं होतं, कर्सर कुठून सुरू करायचा आणि कुठं सोडायचा.